स्वप्नाचं स्थान कंठ

२००६चा उन्हाळा असावा. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या आमच्या गावात, आमच्याच गल्लीत, रात्री साडेआठच्या सुमाराला एक जावई गेला. होता मालिकेतला, पण बारा बायांनी त्याला जाताना डोळ्यांनी पाहिलं होतं. घाटातलं वळण, समोरून ट्रक, मग थेट दवाखान्यातली पांढरी चादर. नायिकेनं हंबरडा फोडला, तिचे हात भिंतीकडे गेले, आता बांगड्या फुटणार, आणि तेवढ्यात लाईट गेली.

त्या काळात लाईट गेली की चार-सहा तासांची निश्चिंती असायची. वीज परळीच्या औष्णिक केंद्रात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात तयार होत होती, आणि अंधारही आमच्याच जिल्ह्यात होता. (पुढे २०१३च्या दुष्काळात पाणीच नाही म्हणून ते केंद्रही बंद ठेवावं लागलं.) मालिकेचा तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागायचा, पण दुपारी लाईट असेल तर ना! त्यामुळे जावई चोवीस तास मेलेलाच राहिला. बाया ओट्यावर बसून त्याचे गुण आठवत होत्या. त्याची सासू एरवी गल्लीभराच्या शिव्या खायची, पण त्या रात्री तिचीही कीव केली गेली. माझ्या आजीनं अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली.

दुसऱ्या रात्री बांगड्या फुटल्या. पडद्याच्या कडा धुरकट पांढऱ्या झाल्या आणि नायिका गादीवर ताडकन उठून बसली. कपाळावर घामाचे नीट मांडलेले थेंब. शेजारी नवरा घोरत पडलेला.

“फसविलं की गं मुडद्यांनी,” आजी म्हणाली. बाया हसायला लागल्या, पण आजीचा राग काही उतरला नाही. झोपायच्या वेळी ती मला म्हणाली, “सपनातून असं ताडकन कोण उठतंय रे? मला तुझ्या आज्ज्याचं सपान पडतंय तवा डोळे उघडले तरी लई येळ हात बी हलविता येत नाही.”

टीव्हीवरच्या स्वप्नांबद्दल पुढे मी बरंच वाचलं, ऐकलं. आजीच्या त्या वाक्याइतकं नेमकं फार थोडं सापडलं.

* * *

कॉलेज संपल्यावर दोनेक वर्षं पुण्या-मुंबईत मी मालिकांचे संवाद लिहून पोट भरलं. तिथे कळलं की आमच्या गल्लीला चोवीस तास सुतकात ठेवणारं ते स्वप्न कुणा लेखकाला सुचलेलं नसतं. ते ‘टाकलेलं’ असतं. नायक आठ दिवस सुट्टीवर गेला, टाका ड्रीम. शुक्रवारच्या प्रोमोला दम नाही, टाका ड्रीम. रोजच्या मालिकेत अर्ध्या तासाच्या भागाला बावीस-एक मिनिटांचा मजकूर लागतो, आणि हातात असलेली गोष्ट त्याच्या निम्मीही पुढे न्यायची नसते. अशा वेळी स्वप्न फार सोयीचं. लग्न मोडता येतं, खून करता येतो, सासूला पश्चात्ताप होतो, आणि सोमवारी सगळं जागच्या जागी. सेटवर त्याचं व्याकरणही ठरलेलं होतं. आवाजाला घुमारा द्यायचा, नायिकेला पांढरी साडी नेसवायची, मेकअपवाल्यानं बाटलीतून कपाळावर फवारा मारायचा, आणि जाग आली की शेजारच्यानं विचारायचं, “काय झालं? वाईट स्वप्न पडलं?”

आमच्याकडे ऊसतोडीला जाणारा माणूस हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो. मालिकाही प्रेक्षकाकडून अशीच उचल घेते. त्याचं रडू, त्याची धडधड, त्याची अर्धी भाकरी आधी उचलते. फरक इतकाच की ऊसतोड्याला ती फेडावी लागते.

स्वप्नात गेलेल्या त्या पाच मिनिटांनी नायिकेबद्दल नवं काय कळलं, असा प्रश्न मी एकदा बैठकीत विचारला होता. नवऱ्यावर तिचं प्रेम आहे हे कळलं, असं उत्तर आलं. ते तर पहिल्या भागापासून माहीत होतं. स्वप्न तिचं होतंच कुठे? ते आमच्या वेळापत्रकाचं होतं.

टीव्हीनं स्वप्न याहून बरं वापरलेलं नाही असं मात्र नाही. दूरदर्शनवर १९८९मध्ये ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ लागायची. मनोहर श्याम जोशींचं लेखन, प्रकाश झांचं दिग्दर्शन, आणि रघुवीर यादव हा काडीपैलवान कारकून. साहेब झापतो, सासरा टोमणे मारतो, आणि मुंगेरीलाल उभ्या जागी स्वप्नात निघून जातो. तिथे तोच साहेब त्याच्यापुढे हात जोडून उभा. ती स्वप्नं प्रेक्षकाला फसवत नव्हती. आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वेळा दार दाखवलं जायचं. हसू यायचं ते या दारातून ये-जा करण्याचं. आमच्याकडच्या प्रचारसभांत आजही विरोधकाला मुंगेरीलाल म्हटलं की दुसरं काही सांगावं लागत नाही. पण ती मनात खाल्लेल्या मांड्यांची गोष्ट होती, दिवास्वप्नांची. रात्रीची स्वप्नं आपल्या मर्जीची नसतात. तिथे साहेब हात जोडत नाही.

रात्रीचं स्वप्न आपल्या सिनेमानं पहिल्यांदा मोठ्या इतमामानं मांडलं ते १९५१च्या ‘आवारा’त. जवळपास नऊ मिनिटांचा तो तुकडा. चित्रीकरणाला तीन महिने लागल्याचं सांगतात. त्यातले ढगांमधले जिने, ते अजस्र पुतळे उभे करणारे कलादिग्दर्शक होते आपले एम. आर. आचरेकर. एकीकडे प्रेयसी रीटा, एकीकडे गुंड जग्गा, आणि मधे तडफडणारा नायक राज. सगळं देखणं आहे, पण फार नीट आहे. स्वर्ग वर, नरक खाली. इतक्या शिस्तीचं स्वप्न मला तरी कधी पडलेलं नाही.

* * *

आजीला पटलं असतं असं स्वप्न मला सापडलं ते २०२०च्या टाळेबंदीत, गावाकडे, पत्र्याच्या खोलीत उकाड्यानं झोप येईना तेव्हा. ‘द सोप्रानोज’ ही एचबीओवरची अमेरिकी मालिका १९९९ ते २००७ अशी चालली. नायक टोनी सोप्रानो न्यू जर्सीतल्या एका माफिया टोळीचा म्होरक्या. घरी बायको आणि दोन पोरं, बाहेर खंडण्या आणि खून. हा आडदांड माणूस चक्कर येऊन पडतो, आणि डॉक्टर तपासण्या करकरून शेवटी त्याला मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवतात. मालिकेची सुरुवातच ही.

तिच्या पाचव्या पर्वातला अकरावा भाग म्हणजे ‘द टेस्ट ड्रीम’. १६ मे २००४ला तो प्रसारित झाला. लेखन डेव्हिड चेस आणि मॅथ्यू वायनर यांचं, दिग्दर्शन अ‍ॅलन कोल्टर यांचं. टोनीचा मावसभाऊ बरीच वर्षं तुरुंगात काढून सुटलाय आणि आता हाताबाहेर चाललाय. दुसऱ्या टोळीशी वैर ओढवून घेणार, आणि त्याचा निकाल टोनीलाच लावावा लागणार, ही भीती टोनीच्या पोटात आहे. भाऊ लहानपणापासूनचा. बोलणार कुणाशी? बायकोशी फाटलेलं, म्हणून गडी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकटा येऊन राहिलाय. तिथे त्याला झोप लागते आणि पुढची वीसेक मिनिटं आपण त्याच्या स्वप्नात असतो.

पडद्याच्या कडा पांढऱ्या होत नाहीत. घुमारा नाही. शेजारी अंथरुणात एक मेलेला म्हातारा पडलेला दिसतो, फोन वाजतो, आणि टोनी तो सरळ उचलतो. मोटार चालवायला त्याचा मेलेला बाप, आणि गाडीत बसलेले बाकीचेही कधीच जगातून गेलेले. कुणालाच यात वावगं वाटत नाही. लेकीच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांबरोबर जेवण आहे, तर सासरा म्हणून बसलाय पहिल्या पर्वात मेलेला पोलीस, आणि सासू म्हणून अ‍ॅनेट बेनिंग ही खरीखुरी सिनेनटी, आणि टोनीही तिला नटी म्हणूनच ओळखतो. स्वप्नात असंच होतं की! समोरची बाई आपली मावशी असते आणि त्याच वेळी तहसील कार्यालयातली ती मॅडमही असते, आणि आपण दोघींशी मिळून बोलत राहतो.

जेवता जेवता टोनीचे दात हलायला लागतात, पडतात. तो कुणाला काही सांगत नाही. मग घराच्या दिवाणखान्यात तो घोड्यावर बसून येतो, आणि बायको बजावते की हे जनावर इथे चालायचं नाही. शेवटी शाळेतला खेळाचा मास्तर भेटतो. मास्तर त्याला झापतो, हिणवतो. तयारी नाही तुझी, कधीच नव्हती. टोनी पिस्तूल काढतो तर ऐनवेळी तेही दगा देतं.

जाग आल्यावर तो ताडकन उठत नाही. पहाटेच्या अंधारात बायकोला फोन लावतो. आणि ती बाई झोपेतल्या आवाजात विचारते की पुन्हा तेच का, त्या मास्तरचं? मी तिथे व्हिडिओ थांबवला आणि बाहेर येऊन बाजेवर बसलो. वीस वर्षांचा संसार त्या एका प्रश्नात दिसला. नवरा काय करतो, किती खून करतो हे तिनं कधी विचारलं नाही, पण त्याला कोणतं स्वप्न वारंवार पडतं हे तिला पाठ आहे.

गोष्ट म्हणाल तर या वीस मिनिटांत इंचभरही सरकत नाही. भावानं करायचं ते तोवर बाहेर करून टाकलेलं असतं. स्वप्नाला त्याचा पत्ता नाही. आमच्या बैठकीत असा भाग कुणी मांडला असता तर चहा यायच्या आत फेटाळला गेला असता. पण टोनी नावाचा माणूस मला त्या रात्री जितका समजला तितका आधीच्या साठ-एक भागांत समजला नव्हता.

दातांचंच घ्या. दात पडल्याचं स्वप्न पडलं की घरातलं माणूस जाणार, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. न्यू जर्सीच्या माणसाला आजीची ही विद्या कुणी शिकवली? त्याच पर्वाच्या शेवटी टोनी स्वतःच्या हातानं भावाला गोळी घालतो. आजी असती तर म्हणाली असती, मी तवाच सांगितलं होतं.

आणि मास्तर. फ्रॉइडच्या ‘स्वप्नमीमांसे’त परीक्षेच्या स्वप्नांवर एक गमतीशीर निरीक्षण आहे. हे पुस्तक १८९९च्या अखेरीस निघालं आणि त्यावर साल छापलं १९००. त्यात तो सांगतो की परीक्षा बुडाल्याची स्वप्नं पडतात ती पास झालेल्यांना. तो स्वतः न्यायवैद्यकाच्या परीक्षेत नापास झाला होता. त्या विषयाचं स्वप्न त्याला कधी पडलं नाही. पडायची ती वनस्पतिशास्त्राची, प्राणिशास्त्राची, म्हणजे जिथून तो सुटला होता तिथली. दुसऱ्या दिवशी एखादी जबाबदारी अंगावर यायची असली की मन जुनी पार पाडलेली परीक्षा काढून समोर ठेवतं, असं त्याचं म्हणणं. हे वाचून मला बरं वाटलं. दहावीचा बीजगणिताचा पेपर मी बऱ्या मार्कांनी सोडवला होता. (आमच्या जिल्ह्याचं नाव काढल्यावर परगावच्या लोकांना खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्या आठवतात, म्हणून सांगतो, स्वतः सोडवला होता.) तरी हप्ता भरायचा असला की आजही पहाटे मी त्या बाकावर बसलेला असतो, आणि प्रश्नपत्रिका कोणत्या तरी भलत्याच लिपीत असते.

* * *

हे सगळं डोक्यात घेऊन मागच्या वर्षी अंबाजोगाईला गेलो. केजपासून फार लांब नाही, आणि लहानपणापासून योगेश्वरीच्या दर्शनाला शंभरदा गेलेलो. पण संतकवी दासोपंतांची पासोडी या नजरेनं कधी मनात घेतली नव्हती.

पासोडी म्हणजे जाडंभरडं पांघरूण. थंडीत अंगावर ओढून झोपायचं वस्त्र. दासोपंतांनी तसल्या सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर ‘पंचीकरण’ हा ग्रंथ स्वतःच्या हातानं लिहून काढला, कोष्टकं आणि आकृत्यांसकट. कागदाला तोटा होता म्हणावं तर तसंही नाही. या माणसानं लाखाच्या घरात ओव्या लिहिल्या, रोज एका ढबूची शाई त्यांना लागायची असं गाव सांगतं. मग पांघरुणावरच का लिहावं? विद्वानांची उत्तरं काहीही असोत, मला त्यात खट्याळपणा दिसतो. पंचीकरणात शरीर कशाचं बनलं, पाच महाभूतं एकमेकांत कशी मिसळली, याबरोबर जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या या चार अवस्थांचा हिशेब असतो. झोपेचा विचार झोपायच्या कापडावर!

या परंपरेत प्रत्येक अवस्थेला शरीरात जागा नेमून दिलेली आहे. जागृतीचं स्थान नेत्र. सुषुप्तीचं, म्हणजे गाढ झोपेचं, हृदय. तुर्येचं मस्तक. आणि स्वप्नाचं स्थान कंठ.

हे मी आधीही कीर्तनात ऐकलं असेल. पण तेव्हा कान उघडे नव्हते. स्वप्न तर दिसतं, मग त्याची जागा डोळ्यांत हवी होती. या लोकांनी ते गळ्यात ठेवलं. जिथे घास अडकतो, हुंदका अडकतो, आणि बोलायचं ते न बोलता गिळलं जातं, तिथे. त्यांच्या मनात शास्त्र काय होतं त्याची चर्चा जाणकारांनी करावी. मला टोनीचे तोंडातल्या तोंडात निखळणारे दात आठवले, आणि मिटलेलं तोंड.

दासोपंतांची स्वतःची बालकथाही अशी गळा दाबणारी आहे. १५५१चा जन्म, बिदरजवळच्या नारायणपेठचे देशपांडे. वडील दिगंबरपंत बरीदशाहीत महसूल गोळा करणारे. दुष्काळ पडला, वसूल भरता आला नाही, आणि आख्यायिका सांगते की बादशहानं पोरगा ओलीस ठेवून घेतला. महिनाभरात रक्कम आली नाही तर पोराचा धर्म बदलणार. शेवटच्या दिवशी दत्त पाडेवाराच्या वेषात येऊन थकबाकी भरून गेला. चमत्कार बाजूला ठेवा. दुष्काळ, थकबाकी, मुदत, आणि दिवस मोजत बसलेलं पोरगं. त्या महिन्यात त्या पोराला रात्री काय दिसत असेल? अंबाजोगाईत वयाच्या चौसष्टीत देह ठेवेपर्यंत त्यांनी एवढं लिहिलं, पण ते कुठे लिहिलंय का, मला माहीत नाही. मालिका लिहीत असतो तर मी तिथून सुरुवात केली असती.

या गावाच्या खोऱ्यात आद्यकवी मुकुंदराजांची समाधी दाखवतात. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेनं शके १११०चा, म्हणजे ११८८चा. जागं असणं म्हणजे काय आणि स्वप्न म्हणजे काय याची मराठीतली चर्चा इथे आठशे वर्षं जुनी आहे. आणि त्याच जिल्ह्यात आमच्या गल्लीसारख्या गल्ल्या पांढऱ्या कडांचं स्वप्न बघून अर्धी भाकरी टाकून उठतात!

* * *

गळ्यात अडकलेलं बोलून दाखवायला माणसं स्वप्नाचा आधार घेतात, हे बर्लिनच्या शार्लट बेराड्ट या पत्रकार बाईंना फार लवकर कळलं. १९३३ ते १९३९ या काळात, हिटलरच्या नाकावर टिच्चून, त्यांनी ओळखीपाळखीतून तीनेकशे लोकांची स्वप्नं टिपून घेतली, लपवून परदेशी धाडली, आणि १९६६मध्ये त्यांचं पुस्तक केलं. त्यातल्या एका कारखानदाराच्या स्वप्नात गोबेल्स कारखाना बघायला येतो. सलामीसाठी हात वर करायला या माणसाला अर्धा तास लागतो, कामगार बघत असतात, आणि हात एकदाचा वर गेल्यावर गोबेल्स म्हणतो, नको मला तुझी सलामी. जागेपणी ‘मला लाज वाटते’ एवढं म्हणायची ज्याची टाप नव्हती, त्यानं हे स्वप्न म्हणून सांगितलं. स्वप्नाबद्दल कुणी पकडत नाही.

बीडमध्ये पुरुषमाणूस मनाचं बोलत नाही, असं म्हणतात. ‘टेन्शन’ हा शब्द मात्र घरोघरी गेलाय. बियाणं मिळालं नाही, टेन्शन. मोबाईल चार्ज नाही, टेन्शन. शब्द इतका स्वस्त झाला की त्यामागे लपायला सोपं झालं. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारनं २०१५मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. बीड त्यात आहे. आशाताईंनी घरोघरी जायचं, विचारपूस करायची, १०४वर फोन करता येतो हे सांगायचं. २०२२च्या ऑक्टोबरपासून देशभरासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांकही आलाय. चांगलंच आहे. पण दारात उभं राहून ‘तुम्हाला उदास वाटतं का’ असं विचारल्यावर आमचा माणूस काय सांगणार? “नाही बा. बसा, चहा घ्या.” नैराश्य मोजायला जगभर जी नऊ प्रश्नांची यादी वापरतात तिच्यात झोपेबद्दल प्रश्न आहे, स्वप्नाबद्दल एकही नाही. स्वप्नाचं विचारलं असतं तर चहा होईपर्यंत गडी बोलत बसला असता.

हे मी माझ्या चुलत्यांवरून सांगतो. नाना पंचवीसेक वर्षं कोयत्यावर गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिकडे मोजणी असते. एकटा माणूस अर्धा कोयता. दिवाळी झाली की गाव रिकामं व्हायचं, ते गुढीपाडव्याच्या आसपास भरायचं. कोपीत झोप अशी नसायचीच. रात्री दोनला गाडी फडात आली की उठून मोळ्या वाहायच्या, पहाटे पुन्हा तोडणीला. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उलट मुकादमाला. हंगाम संपल्यावर हिशेब व्हायचा आणि बहुतेक वर्षी थोडी बाकी अंगावर फिरायची, म्हणजे पुढच्या वर्षीचं जाणं आताच पक्कं.

यातलं एक अक्षर नानांनी कधी तक्रार म्हणून उच्चारलं नाही. दसरा झाला की मात्र त्यांना एक स्वप्न पडायचं आणि ते सकाळी चुलीपाशी हसत हसत सांगायचे. उसानं भरलेली गाडी घेऊन ते कारखान्याच्या काट्यावर चढलेत. मागं रांग लागलीय. आणि काटा हलतच नाही. गाडी उतरवून परत चढवतात, तरी शून्य. काट्यावरचा बाबू म्हणतो, गाडी रिकामी आहे. नाना मागं वळून बघतात तर ऊस आहे, हातानं चाचपतात तर ऊस आहे. “अन् बाबू म्हणतोय, पुढं घ्या, पुढं घ्या!” एवढं सांगून नाना जोरात हसायचे. काकू हसायची नाही. भाकरी थापता थापता ती विचारायची, “परत त्योच काटा का?”

प्लाझा हॉटेलातल्या टोनीला फोनवर आलेला प्रश्न मी पंधरा-वीस वर्षं आधी चुलीपाशी ऐकलेला होता. म्हणून तर त्या रात्री व्हिडिओ थांबवून बाहेर आलो होतो.

नानांच्या काट्याएवढं स्वप्न मराठी मालिकेत मी अजून पाहिलेलं नाही. गुणी माणसांची वानवा म्हणावी तर माजलगावचे संदीप पाठक आहेत, आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त दादासाहेब फाळके उभे करणारे नंदू माधव याच जिल्ह्यातले. नाटकवेड्या पोरांची तर गावोगाव फौज आहे. सिनेमानं अधूनमधून हात घातलाय. उमेश कुलकर्णींच्या २०११च्या ‘देऊळ’मध्ये करडी गाय शोधायला गेलेल्या केश्याला भर दुपारी झाडाखाली डुलकी लागते आणि दत्त दिसतो. तो भाबडेपणानं गावात सांगतो, आणि बघता बघता त्याची झोप गावाच्या मालकीची होते, तिच्यावर दुकानं लागतात. स्वप्न गळ्यातून बाहेर आल्यावर त्याचं काय होतं, त्याचा तो सिनेमा. नाना शहाणे, काटा त्यांनी चुलीच्या पुढे कधी जाऊ दिला नाही.

* * *

नाना गेले. आता त्यांचा मुलगा आणि सून जातात. मागच्या दिवाळीनंतर त्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मी मांजरसुंब्यापर्यंत गेलो, म्हटलं तेवढाच सोबतीचा रस्ता. संसार सगळा ट्रॉलीत. तट्ट्या, बाजरीचं पोतं, हंडे, दोन कोंबड्या टोपलीखाली, पाटीवर बांधलेली शेळी. लहान पोरगा तुरीच्या पोत्याला टेकून झोपलेला. पोरीला आजोळी ठेवलीय, शाळेसाठी.

सूनबाईनं केज सुटल्यावर मोबाईल काढला आणि राहिलेला भाग लावला. रस्त्याच्या खड्ड्यांबरोबर पडदा नाचत होता. मालिकेत कुणाच्या तरी डोहाळजेवणात विष कालवलं गेलं, नायिका कोसळली, पांढऱ्या कडा आल्या. मी वाकून बघत होतो. म्हटलं आता ही ताडकन उठणार. उठली. घाम, नवरा, पाण्याचा पेला, सगळं यथासांग.

सूनबाईचं लक्ष नव्हतं. तिची मान हंड्यावर कलली होती, तोंड जरासं उघडं. हातातला मोबाईल मांडीवर घसरला आणि जाहिरात एकटीच बोलत राहिली. मी तो बंद केला, तेव्हा ऐकू आलं की ती झोपेत काही पुटपुटतेय. आधी वाटलं पोरीचं नाव घेतेय. कान दिला तर आकडे होते. सतरा, अठरा, एकोणीस, मग पुन्हा सतरा.

एका मोठ्या खड्ड्यानं तिला जाग आली. उठून बसली नाही ती. तशीच पडल्या पडल्या बराच वेळ अंधाराकडे बघत राहिली, मग मला म्हणाली, “भाऊजी, मांजरसुंबा आलं का?”

म्हटलं, “आजून न्हाई. पड तू.”